दोन आयएसपी आणि एक कॅम्पस: बीजीपी घ्यावे की पॉलिसी राउटिंगवर भागवावे?

कॅम्पस_नेट यांचा प्रश्न

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नेटवर्कचे काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या आयएसपींच्या (इंटरनेट सेवादात्यांच्या) लीज लाइन, म्हणजे संस्थेसाठी राखीव जोडण्या, आहेत: पहिली ५०० एमबीपीएसची आणि दुसरी २०० एमबीपीएसची. त्यांना इथे ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतो. दोघांनीही आपापल्या पत्त्यांमधून एकेक /२९, म्हणजे आठ पत्त्यांचा गट, दिलेला आहे (रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान). याशिवाय वसतिगृहासाठी गावातल्या केबलवाल्याचे एक ब्रॉडबँड कनेक्शन आहे. दोन्ही लीज लाइन एकाच फायरवॉलवर येतात आणि डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जाण्याचा नेहमीचा रस्ता, ‘अ’कडे आहे. ‘अ’ची लाइन पडली की कोणीतरी फायरवॉलवर जाऊन तो हाताने ‘ब’कडे वळवतो.

आतून बाहेर जाणाऱ्यांचे अशाने कसेबसे निभावते, परंतु प्रवेश अर्जांचा आणि निकालांचा सर्व्हर कॅम्पसमध्येच आहे व त्याचा पत्ता ‘अ’च्या गटातला आहे. त्यामुळे ‘अ’ बंद पडली की ‘ब’ची लाइन सुस्थितीत असूनही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महाविद्यालयाचे संकेतस्थळ बंदच असते. नाव तेच ठेवून डीएनएसमध्ये पत्ता बदलला, तरी सगळीकडे तो पोहोचेपर्यंत बहुधा ‘अ’ची लाइन पूर्ववत झालेली असते.

स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवरील स्वतंत्र नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि स्वतःचे पत्ते घेऊन दोन्ही आयएसपींशी बीजीपी (कोणते पत्ते कोणत्या रस्त्याने गाठता येतात, हे नेटवर्क एकमेकांना सांगतात ती पद्धत) करावे, असा सल्ला मिळाला आहे. आमच्या आकाराच्या संस्थेला ते झेपेल का, आणि त्यासाठी नेमके कोणाकडे अर्ज करावा लागतो? शिवाय कार्यालय आणि परीक्षा विभाग ‘अ’वर, वसतिगृहे ‘ब’वर अशी विभागणी आम्हाला कायमस्वरूपी हवी आहे. बीजीपी घेतल्यावर ती आपोआप साधेल, असे मी गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

मार्गस्थ यांचे उत्तर

शेवटच्या गृहीतकापासूनच सुरुवात करतो, कारण बीजीपीकडे वळणाऱ्या बऱ्याच संस्थांचा अपेक्षाभंग तिथेच होतो. कॅम्पसमधून निघालेले पॅकेट कोणत्या लाइनने जावे, हे तुमचा राउटर ठरवतो आणि त्यासाठी बीजीपीची गरज नाही. बाहेरून तुमच्याकडे येणारे पॅकेट कोणत्या लाइनने यावे, हे मात्र इतरांचे राउटर त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या व्यापारी हिशेबाने ठरवतात. बीजीपीतून तुम्ही त्यांना फार तर सुचवू शकता.

आता तुमच्या वसतिगृहाचे उदाहरण घ्या. आज वसतिगृहाचे ट्रॅफिक ‘ब’च्या पत्त्यावर नॅट करून, म्हणजे आतल्या खासगी पत्त्यांऐवजी ‘ब’चा पत्ता लावून, ‘ब’वरून बाहेर काढले, तर डाउनलोडही ‘ब’वरूनच येईल, कारण तो पत्ता ‘ब’च्या मालकीचा आहे आणि जगाला त्याच्याकडे जाण्याचा दुसरा रस्ताच माहीत नाही. म्हणजे नॅटमुळे येणाऱ्या ट्रॅफिकवरही तुमचे पूर्ण नियंत्रण राहते. उद्या तुम्ही स्वतःचा /२४ (२५६ पत्त्यांचा गट) घेतला, तो दोन्हीकडे जाहीर केला आणि वसतिगृहही त्याच पत्त्यांवर नॅट केले, तर पॅकेट तुम्ही ‘ब’वरून पाठवले तरी त्याचे उत्तर ‘अ’वरून येऊ शकते. वसतिगृहाचे जवळजवळ सगळे वजन डाउनलोडचेच असल्यामुळे रात्री ‘अ’ची लाइन भरलेली आणि ‘ब’ मोकळी, असे चित्र तुम्हाला दिसू लागेल. म्हणून स्वतःचे पत्ते फक्त सर्व्हरसाठी आणि फार तर कार्यालयासाठी वापरा. वसतिगृहाचे नॅट बीजीपी आल्यानंतरही ‘ब’च्या /२९ वरच राहू द्या. दोन्ही पद्धती एकत्र नांदू शकतात, आणि तुमच्यासारख्या जागी त्या एकत्रच असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हरसाठी मात्र बीजीपीला खरा पर्याय नाही. ‘अ’ने दिलेला /२९ ‘ब’वरून जाहीर करता येत नाही, कारण आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) मध्ये /२४ पेक्षा लहान गट मोठे आयएसपी स्वीकारतच नाहीत, आयपीव्ही६ (नवी पद्धत) मध्ये हीच मर्यादा /४८ आहे. तेव्हा किमान एक /२४ लागेल. भारतात पत्ते आणि एएस नंबर देण्याचे काम इरिन ही नोंदणी संस्था २०१२ पासून निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) अंतर्गत करते. तिच्या वरची प्रादेशिक संस्था म्हणजे ब्रिस्बेन येथील एपनिक. दोन सेवादात्यांशी जोडणी असणे हे एएस नंबर मागण्याचे रीतसर कारण आहे, त्यामुळे दोन्ही लीज लाइनचे करार जवळ ठेवा. आयपीव्ही४ ची टंचाई असल्यामुळे नव्या सदस्याला जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते मिळतात. मिळत असेल तर /२३ च मागा, त्याचा उपयोग पुढे आहे; आणि त्याच अर्जात आयपीव्ही६ चा /४८ सुद्धा मागून ठेवा, कारण आयपीव्ही६ मध्ये नॅटची पळवाट वापरण्याची रीत नाही आणि तिथे दोन आयएसपींचा प्रश्न अधिक अडचणीचा होतो.

‘अ’नेच तुम्हाला त्यांच्या मोठ्या गटातला /२४ वापरायला दिला आणि तो ‘ब’वरूनही जाहीर करण्याचे संमतिपत्र दिले, तर काम स्वस्तात होते, पण त्यात एक खोच आहे. राउटर नेहमी सर्वांत नेमका प्रीफिक्स, म्हणजे जाहीर झालेल्या गटांपैकी सर्वांत लहान गट, निवडतो. ‘अ’ने जगाला फक्त आपला मोठा गट, समजा /१८, जाहीर केला आणि ‘ब’ने तुमचा /२४ जाहीर केला, तर सगळे ट्रॅफिक ‘ब’च्या लाइनवर येईल आणि ‘अ’ची ५०० एमबीपीएस रिकामी बसेल. तेव्हा तो /२४ ‘अ’नेही वेगळा जाहीर केला पाहिजे, हे लेखी घ्या. शिवाय ‘अ’ची सेवा बंद केली की ते पत्तेही परत जातात.

जोडणीवाला यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तथापि अर्ज, शुल्क आणि कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत बीजीपीशिवाय बरेच काही सुधारता येते, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

सर्व्हरला आतून एकच खासगी पत्ता ठेवा आणि बाहेरून ‘अ’चा एक व ‘ब’चा एक असे दोन पत्ते त्याच्याकडे वळवा. इथे लोक ज्या ठिकाणी अडकतात ते म्हणजे उत्तराचा रस्ता. ‘ब’च्या पत्त्यावर आलेल्या विनंतीचे उत्तर डिफॉल्ट रूट पाहून ‘अ’वरून निघाले, तर ‘अ’ ते टाकून देईल, कारण त्या पॅकेटवर ‘ब’चा पत्ता आहे आणि ग्राहकाकडून परका पत्ता बाहेर जाऊ देऊ नये, अशी शिफारस आरएफसी २८२७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) मध्ये २००० सालापासून आहे. म्हणून जे कनेक्शन ज्या लाइनवरून आत आले, त्यावर तिथेच खूण करून त्याचे उत्तर त्याच लाइनच्या राउटिंग टेबलमधून पाठवावे लागते; यालाच पॉलिसी राउटिंग म्हणतात. लिनक्समध्ये हे ‘आयपी रूल’ने होते, मायक्रोटिकच्या राउटरवर मँगलमध्ये (पॅकेटवर खुणा करणाऱ्या नियमांमध्ये) कनेक्शन-मार्क आणि राउटिंग-मार्क लावून होते. मायक्रोटिकवर एक गोष्ट आवर्जून तपासा: फास्टट्रॅकचा (कनेक्शन जलद पुढे काढण्याचा) नियम चालू असेल, तर त्यात गेलेली कनेक्शन मँगलला वळसा घालून जातात, त्यामुळे पहिली काही पॅकेट योग्य लाइनने आणि उरलेली डिफॉल्टने जातात. पान उघडायला सुरुवात होते आणि मध्येच लटकते, ही त्याची ओळखीची खूण आहे. खूण केलेली कनेक्शन फास्टट्रॅकमधून वगळली की प्रश्न सुटतो.

लाइन जिवंत आहे की नाही, हे आयएसपीच्या गेटवेला पिंग करून ठरवू नका. गेटवे तुमच्याच इमारतीतल्या किंवा जवळच्या मनोऱ्यावरच्या डब्यात असतो, आणि पुढे मिरजेजवळ फायबर तुटली तरी तो आनंदाने उत्तर देत राहतो. त्या लाइनच्या पलीकडचे, परस्परांशी संबंध नसलेले दोन पत्ते तपासा आणि दोन्ही गप्प झाले तरच रूट काढा. एकच पत्ता तपासला तर तो बंद पडल्यावर चांगली लाइन विनाकारण बाद होते.

केबलवाल्याच्या ब्रॉडबँडकडून याहून जास्त अपेक्षा नको. राउटरच्या वॅन पोर्टवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर ते कनेक्शन आयएसपीच्या सामाईक नॅटमागे आहे. त्यावर बाहेरून काही आत येऊ शकत नाही आणि बीजीपीचा तर प्रश्नच नाही. वसतिगृहाचा काही भार उचलण्यापुरते ते ठीक आहे.

कॅम्पस_नेट

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सर्व्हर बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये नेण्याचा पर्याय संस्थेने नाकारला आहे, त्यामुळे इरिनकडे अर्ज करण्याचे ठरत आहे आणि तोवर जोडणीवाला यांनी सांगितलेली पद्धत बसवत आहे. ‘ब’च्या तांत्रिक विभागाने विचारले आहे की, तुम्हाला पूर्ण टेबल (इंटरनेटवरील सर्व रूटची यादी) हवे की फक्त डिफॉल्ट रूट. ‘अ’ मुख्य आणि ‘ब’ राखीव असे सर्व्हरसाठी हवे असल्यास ‘ब’वर एएस पाथ (वाटेतल्या एएस नंबरांची साखळी) आपला नंबर पुन्हापुन्हा लावून लांबवला की पुरेसे होईल, असेही ते म्हणाले. यावर आणि राउटरवर कोणत्या क्रमाने काय करावे, यावर कोणी लिहिल्यास उपकार होतील.

सह्याद्री_नॉक यांचे उत्तर

पूर्ण टेबल घेऊ नका. आयपीव्ही४ चे जागतिक टेबल आता सुमारे दहा लाख रूटच्या घरात आहे आणि ते दोन आयएसपींकडून घ्यायचे तर राउटरही त्या तोलामोलाचा लागतो. १२ ऑगस्ट २०१४ रोजी हे टेबल ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेले, तेव्हा तेवढीच जागा असलेले अनेक जुने राउटर जगभर कोलमडले होते. तुम्हाला दोनच बाहेरचे रस्ते आहेत. त्यांतून निवड करायला एवढी माहिती लागत नाही. त्याच वेळी निव्वळ डिफॉल्टवरही समाधान मानू नका. ‘अ’चा स्थानिक राउटर चालू आहे पण त्याचा मुंबईकडचा दुवा तुटला आहे, अशा स्थितीत काही आयएसपी डिफॉल्ट तसाच पाठवत राहतात आणि तुमचे ट्रॅफिक विहिरीत पडते. डिफॉल्ट आणि सोबत आयएसपीचे स्वतःचे व त्याच्या ग्राहकांचे रूट मागा, आणि वरचा दुवा गेल्यावर डिफॉल्ट मागे घेतला जातो का, हे दोघांनाही विचारून घ्या.

क्रमाबद्दल माझा आग्रह एकच आहे: शेजारी राउटरशी सेशन सुरू करण्याआधी फिल्टर लिहून तयार ठेवा. बाहेर जाणाऱ्या दिशेला अशी प्रीफिक्स-लिस्ट हवी की तिच्यात फक्त तुमचे स्वतःचे प्रीफिक्स असतील आणि बाकी सर्व नाकारले जाईल. ती नसेल, तर ‘अ’कडून शिकलेले रूट तुमचा राउटर ‘ब’ला सांगेल, आणि ‘ब’ने ते मान्य केले तर परक्यांचे ट्रॅफिक तुमच्या २०० एमबीपीएसमधून जाऊ पाहील. हे काल्पनिक नाही. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेतील अ‍ॅलेगेनी टेक्नॉलॉजीज या धातू उद्योगातील कंपनीच्या नेटवर्कमधून असेच घडले: एका आयएसपीकडून आलेले रूट तिच्यामार्फत व्हेरायझनकडे गेले, व्हेरायझनने ते न गाळता पुढे पाठवले आणि क्लाउडफ्लेअरसह अनेक सेवांचे ट्रॅफिक काही तास भलतीकडे गेले. कंपनी तुमच्यासारखीच होती, दोन आयएसपींची एक ग्राहक. आरएफसी ८२१२ नुसार धोरण लिहिल्याशिवाय रूट देऊ-घेऊ नयेत असे २०१७ पासून ठरले आहे, पण प्रत्येक राउटर ते मुळातून पाळतोच असे नाही. त्यावर विसंबू नका.

येणाऱ्या दिशेला तुमचेच प्रीफिक्स, खासगी पत्त्यांचे गट आणि /२४ पेक्षा लहान गट नाकारा, आणि कमाल प्रीफिक्सची मर्यादा घाला, म्हणजे ‘ब’ने चुकून पूर्ण टेबल पाठवले तर तुमच्या राउटरचा श्वास कोंडणार नाही. सिस्कोवर ‘नेटवर्क’ ओळ लिहूनही प्रीफिक्स जाहीर होत नाही, अशी तक्रार नेहमी येते. कारण तेवढ्याच मास्कचा (गटाच्या आकाराचा) रूट टेबलमध्ये असावा लागतो. समजा तुमचा गट २०३.०.११३.०/२४ आहे आणि आत तो /२६ अशा तुकड्यांत वाटला आहे; तर नेमका /२४ टेबलमध्ये नसतो. त्यासाठी ‘नल झिरो’कडे (आलेले पॅकेट टाकून देणाऱ्या आभासी पोर्टकडे) एक स्थिर रूट लिहून ठेवावा. आतले लहान तुकडे अधिक नेमके असल्यामुळे खरे ट्रॅफिक योग्य जागी पोहोचते, आणि न वापरलेल्या पत्त्यांकडे येणारे तिथल्या तिथे संपते.

आता एएस पाथ लांबवण्याबद्दल. ‘ब’च्या तांत्रिक विभागाने अर्धेच सांगितले आहे. बीजीपीत पाथची लांबी पाहण्याआधी लोकल प्रेफरन्स, म्हणजे प्रत्येक नेटवर्कने स्वतः ठरवलेला पसंतीक्रम, पाहिला जातो, आणि जवळजवळ प्रत्येक आयएसपी आपल्या ग्राहकाकडून थेट मिळालेल्या रूटला इतर आयएसपींकडून मिळालेल्या रूटपेक्षा जास्त प्रेफरन्स देतो. म्हणजे तुम्ही ‘ब’कडे तुमचा एएस नंबर तीनदा काय, दहादा लावलात, तरी ‘ब’चे स्वतःचे ग्राहक ‘ब’वरूनच तुमच्याकडे येतील. ‘ब’ जर मोठा मोबाइल सेवादाता असेल, तर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा हिस्सा त्यातच असतो. त्यांनाही ‘अ’वरून आणायचे असेल, तर ‘ब’ने ग्राहकांसाठी कोणत्या कम्युनिटी (रूटसोबत पाठवायच्या सूचक खुणा) ठेवल्या आहेत ते विचारा, त्यांतल्या एखादीने ‘ब’च्या आतला लोकल प्रेफरन्स खाली आणता येतो. पण तसे करण्याची तुम्हाला गरजच काय, हा माझा उलट प्रश्न आहे. ‘ब’चे ग्राहक ‘ब’च्या लाइनने आले, तर ते कमी टप्प्यांत येतात आणि ‘अ’वरचा भारही हलका होतो.

मार्गस्थ यांनी /२३ का मागायला सांगितला, तेही इथेच लागू पडते. दोन्हीकडे /२३ जाहीर करून सोबत पहिला /२४ फक्त ‘अ’कडे आणि दुसरा /२४ फक्त ‘ब’कडे जाहीर केला, तर नेमका प्रीफिक्स जिंकतो आणि विभागणी लोकल प्रेफरन्सच्या तावडीतून सुटते. एक लाइन पडली की तिचा /२४ नाहीसा होतो आणि दुसरीकडचा /२३ तिचे काम करतो.

मार्गस्थ

या शेवटच्या युक्तीसोबत एक सावधगिरी जोडतो. पत्ते मिळाल्यावर आरपीकेआयमध्ये (रूटची सत्यता तपासण्याच्या व्यवस्थेत) आरओए, म्हणजे कोणता एएस कोणता गट जाहीर करू शकतो याची नोंद, तयार करताना /२३ साठी एकच नोंद केली आणि कमाल लांबीही २३ च ठेवली, तर तुमचे दोन्ही /२४ अवैध ठरतील आणि तपासणी करणारे आयएसपी ते टाकून देतील. गंमत अशी की /२३ चालूच असल्यामुळे काहीच बंद पडलेले दिसत नाही, फक्त विभागणी होत नाही आणि माणूस राउटरमध्ये दोष शोधत बसतो. /२३ आणि दोन्ही /२४ अशा तीन स्वतंत्र नोंदी करा. कमाल लांबी सैल सोडून, आपण जाहीरच करत नाही असे गट वैध करून ठेवू नयेत.

तिठा यांचे उत्तर

राउटिंगच्या बाहेरचे दोन मुद्दे मांडतो, कारण त्यांच्यामुळे वरचे सगळे श्रम वाया जाऊ शकतात.

पहिला मुद्दा फायबरच्या वाटेचा. दोन आयएसपी म्हणजे दोन वाटा असे नसते. आमच्या भागात महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीच्या एकाच फटक्याने दोन्ही लाइन गेल्या, तेव्हा कळले की शेवटचे काही किलोमीटर दोघांनीही एकाच तिसऱ्या कंपनीची केबल भाड्याने घेतली होती. दोघांकडून कॅम्पसपासून त्यांच्या पॉपपर्यंतचा (जवळच्या जोडणी केंद्रापर्यंतचा) मार्ग नकाशावर मागा, आणि एक लाइन फाटकातून येत असेल तर दुसरी मागच्या बाजूने किंवा रेडिओ दुव्याने आणा. दोन्ही आयएसपींचे मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारे डबे) एकाच यूपीएसवर आणि एकाच पॉवर स्ट्रिपवर असतात, तेही तपासा.

दुसरा मुद्दा फायरवॉलचा. स्वतःचे पत्ते आल्यावर विनंती ‘अ’वरून येऊन उत्तर ‘ब’वरून जाणे हे नित्याचे होईल आणि त्यात काही गैर नाही. पण तुमच्या फायरवॉलवर दोन लाइन दोन वेगळ्या झोनमध्ये असतील, तर तिला तो भलताच प्रकार वाटेल आणि ती कनेक्शन तोडेल. बीजीपी फायरवॉलच्या पुढे, वेगळ्या राउटरवर ठेवा आणि फायरवॉलला बाहेरची एकच बाजू दिसू द्या. राउटरवर रिव्हर्स पाथ तपासणी (पॅकेट पाठवणाऱ्याकडे जाण्याचा रस्ता त्याच पोर्टवरून आहे का, हे पाहणे) काटेकोर प्रकारची चालू असेल, तर दोन्ही लीज लाइनच्या पोर्टवर ती सैल प्रकारची करा. आरएफसी ३७०४ मध्ये २००४ साली अनेक आयएसपींच्या नेटवर्कसाठी हाच विचार केलेला आहे. वसतिगृहाचे ‘ब’च्या /२९ वरचे नॅटही मग त्याच राउटरवर न्यावे लागेल, किंवा फायरवॉलने नॅट करून दिलेले पॅकेट राउटरने मूळ पत्ता पाहून ‘ब’कडे वळवावे लागेल.

सह्याद्री_नॉक

तिठा यांचे दोन्ही मुद्दे अगदी योग्य आहेत. चाचणीबद्दल एवढेच सांगतो की, राउटरवर शेजाऱ्याचे सेशन ‘शटडाउन’ करून पाहणे म्हणजे चाचणी नव्हे, कारण त्यात तुमचा राउटर रीतसर निरोप घेतो आणि बदल काही सेकंदांत होतो. प्रत्यक्षात फायबर मध्येच कुठेतरी तुटते, तुमच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि सिस्कोच्या मूळ मांडणीत होल्ड टाइम (शेजारी गेला असे मानण्याआधी थांबण्याचा वेळ) संपायला १८० सेकंद लागतात; तेवढा वेळ पॅकेट हरवत राहतात. आयएसपी बीएफडी (तुटलेला दुवा चटकन ओळखणारी पद्धत) देत असेल तर ते घ्या, नसेल तर दोन्ही बाजूंनी वेळ कमी करून घ्या. मग प्रवेशाचा हंगाम नसताना एखाद्या रविवारी सकाळी ‘अ’च्या मीडिया कन्व्हर्टरची बाहेरच्या बाजूची फायबर काढा, मोबाइल डेटावरून सर्व्हरचे पान उघडत राहा, आणि राइपस्टॅटवर किंवा एखाद्या लुकिंग ग्लासवर (इतर नेटवर्कना कोणते रूट दिसतात ते दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर) तुमचा प्रीफिक्स ‘ब’मार्फत दिसू लागायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेवा. फायबर परत जोडल्यावरही तेवढेच लक्ष ठेवा. बऱ्याच ठिकाणी लाइन जाताना काही होत नाही, ती परत येताना गडबड होते.